जरा समजून घेऊ!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज म्हातारपणाबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. माणसाच्या म्हातारपणावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. कविता तर ढिगानं लिहिल्या जातात, त्यात माझ्याही दोन-चार आहेत. पण बैल म्हातारा का होतो, कुत्रा बारा-पंधरा वर्षांत का थकतो आणि कासव दीडशे वर्षं कसं काढतं, हे आपण सहसा विचारत नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. पण पन्नाशी ओलांडली, जिना चढताना गुडघा बोलायला लागला, आणि हा विषय आपोआपच अभ्यासक्रमाला लागला. वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

कवीची खोड म्हणून सुरुवात शब्दांपासून करतो. ‘वृद्ध’ हा शब्द ‘वृध्’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ वाढणं. म्हणजे ‘वृद्धी’ आणि ‘वृद्ध’ ही एकाच आईची लेकरं. जो वाढला तो वृद्ध. दुसरा शब्द ‘जरा’. त्यातून जर्जर आला, जरठ आला. तिसरा आपल्या स्वयंपाकघरातला, ‘जून’. भेंडी जून निघते, मटण जून निघतं. एका शब्दात वाढ आहे, दुसऱ्यात झीज आहे, तिसऱ्यात कडकपणा आहे. गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी शंभर-सव्वाशे वर्षं खपून जे शोधलं, ते थोडक्यात सांगायचं तर याच तीन शब्दांभोवती फिरतं.

आधी झीज पाहू. बैलबाजारात जनावराचं वय कागदावर बघत नाहीत, तोंड उघडून बघतात. दुधाचे दात असतील तर ‘आदत’, पुढचे दोन दात पडून पक्के आले की ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’, मग सहा दाती, आणि आठही आले की ‘जुळला’. बकरी ईदच्या आधी बोकडांच्या बाजारात पहिला प्रश्न हाच असतो, ‘दोन दाती आहे का?’ बैल साधारण साडेचार-पाच वर्षांपर्यंत जुळतो. तोवर दात म्हणजे वाढीची नोंद. त्यानंतर तेच दात झिजत जातात आणि व्यापारी झिजेवरून वयाचा अंदाज बांधतो. एकाच जबड्यात आयुष्याची दोन प्रकरणं लिहिलेली असतात.

हत्तीच्या बाबतीत तर दात हाच मृत्यूचा दाखला ठरतो. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच मिळतात. एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. सहावा संच साठीच्या आसपास संपत येतो. त्यानंतर सातवा नाही. मग म्हातारा हत्ती पाणथळ जागेच्या आसपास, मऊ गवत मिळेल तिथे राहू लागतो आणि शेवटी पुरेसं चावता येत नाही म्हणून खंगतो. हिशेबाच्या वहीत यंत्राचा ‘घसारा’ मांडतात ना, तसाच हा प्रकार.

पण शरीर म्हणजे यंत्र नाही. यंत्र स्वतःची दुरुस्ती करत नाही. शरीर करतं. मोडलेलं हाड सांधतं, जखम भरून येते. इतकंच काय, एका पेशीपासून आख्खा बैल उभा राहतो. ज्या शरीराला शून्यातून घर बांधता येतं, त्याला बांधलेल्या घराची डागडुजी का जमू नये? खरं कोडं हे आहे. जॉर्ज विल्यम्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये नेमकं याच प्रश्नावर बोट ठेवलं.

त्याचं उत्तर शोधायला आधी पेशीत उतरू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असं मानत, की पेशी स्वतः अमर असते, म्हातारं होतं ते शरीर. अलेक्सिस कॅरेल या नोबेल विजेत्यानं १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या आणि त्या तीस वर्षांहून जास्त काळ टिकल्याचं जाहीर झालं. कॅरेल १९४४ मध्ये वारले, तरी पेशी चालूच होत्या. मग १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या पेशींवर काळजीपूर्वक प्रयोग केले आणि वेगळंच दिसलं. पेशी दुभंगत जातात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पण साधारण पन्नास वेळा दुभंगल्या की थांबतात. पात्रात अन्न असतं, ऊब असते, तरी त्या पुढे दुभंगत नाहीत. कॅरेलचा प्रयोग दुसऱ्या कुणाला तसा करून दाखवता आला नाही.

पेशीला पन्नासपर्यंत मोजता कसं येतं? याचं उत्तर गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. सोलापुरी चादर डोळ्यांसमोर आणा. विणकर तिच्या टोकाला दशा सोडतो, त्यामुळे आतली वीण उसवत नाही. गुणसूत्राच्या टोकालाही अशाच दशा असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगताना दर वेळी दशा थोडी आखूड होते. फार आखूड झाली, की पेशी ओळखते, आता पुढे गेलो तर वीण उसवेल, आणि थांबते. या दशा पुन्हा वाढवणारं एक विकरही आहे, टेलोमरेज. प्रजननाच्या पेशींमध्ये ते काम करतं. म्हणून बाप म्हातारा असला तरी मूल कोरं जन्मतं. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

पण ‘दशा संपली, आयुष्य संपलं’ इतकं हे सोपं नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या दशा माणसापेक्षा लांब असतात आणि तो जगतो दोन-तीन वर्षं. डॉली मेंढीचं उदाहरण घ्या. सहा वर्षांच्या मेंढीच्या पेशीपासून ती १९९६ मध्ये जन्मली, तिच्या दशा आखूड निघाल्या, आणि २००३ मध्ये ती गेली तेव्हा जगभर बोललं गेलं, की ती जन्मतःच म्हातारी होती. प्रत्यक्षात तिला मेंढ्यांमध्ये आढळणारा विषाणूजन्य फुप्फुसाचा विकार झाला होता. त्याच पेशींपासून नंतर तयार केलेल्या तिच्या चार ‘बहिणी’ उतारवयातही चांगल्या असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

थांबलेल्या पेशींचं पुढे काय होतं, हेही महत्त्वाचं. काही मरतात. काही मरत नाहीत आणि कामही करत नाहीत. तिथेच बसून शेजारच्या पेशींना त्रास देणारी, दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. वयाबरोबर त्यांची गर्दी वाढते. २०११ मध्ये संशोधकांनी लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांच्या शरीरातून अशा पेशी काढून टाकण्याची युक्ती केली, तेव्हा त्यांच्यात म्हातारपणाच्या काही खुणा उशिरा आल्या. आणि ‘जून’पणाबद्दल सांगायचं तर आपला खाटीक सगळं जाणतो. मांसाला धरून ठेवणारे कोलॅजेनचे धागे वयाबरोबर एकमेकांशी पक्के जखडत जातात. म्हणून कोवळ्या बोकडाचं मटण लवकर शिजतं आणि जून मटणाला जास्त शिट्ट्या द्याव्या लागतात. आपल्या सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, कातडीतही वयाबरोबर असाच ताठरपणा येतो.

हे झालं ‘कसं’. आता ‘का’.

आपण म्हणतो, श्वास मोजून दिलेले असतात. यात थोडं तथ्य आहे. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, हत्तीचं तीसच्या आसपास. आयुष्याच्या लांबीनं गुणलं तर बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या वाट्याला ढोबळमानानं शंभर कोटी ठोके येतात. पण अपवाद नियमाहून बोलके असतात. सायबेरियातलं एक वटवाघूळ, वजन जेमतेम सात ग्रॅम, चाळीस वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. लेसॅन जातीची ‘विझडम’ नावाची अल्बट्रॉस मादी १९५६ मध्ये वाळा घालून सोडली होती. तिनं २०२४ च्या अखेरीस, अंदाजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी, अंडं घातलं. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली वसाहत करणारा, अंगावर जवळजवळ केस नसलेला नेकेड मोल रॅट उंदराएवढाच असतो, पण तीस वर्षांहून जास्त जगतो. मग ठोके मोजणारा वटवाघळाच्या आणि त्याच्या बाबतीत विसरला की काय?

उत्तर पीटर मेडावार यांनी १९५१ मधल्या एका व्याख्यानात मांडलं. शेतातला उंदीर बघा. घुबड, साप, मांजर, पूर, उपासमार. म्हातारा होईपर्यंत तो बहुधा वाचतच नाही. समजा, त्याच्यात असा दोष आहे, जो तिसऱ्या वर्षी बाहेर येईल. तिसरं वर्ष बघायला तो राहतो कुठे? तोवर पिल्लं होऊन दोष पुढच्या पिढीत गेलेला असतो. निसर्गाची चाळणी तरुणपणीचे दोष गाळते. उतारवयातले दोष तिच्या हातीच लागत नाहीत. विल्यम्सनी पुढची पायरी सांगितली. एकच जनुक तरुणपणी फायद्याचं आणि म्हातारपणी घातक असू शकतं, आणि निसर्ग फायदा उचलतो, कारण तो आधी मिळतो. १९७७ मध्ये टॉमस कर्कवुड यांनी याला घरखर्चाचं रूप दिलं. मिळकत मर्यादित. तीच घराच्या डागडुजीला वापरायची आणि तीच लेकराबाळांच्या संसाराला. ज्याला उद्याची खात्री नाही तो छप्पर कशाला शाकारेल?

हे नुसतं कागदावरचं गणित राहिलं नाही. अमेरिकेत स्टीव्हन ऑस्टॅड यांनी ओपॉसम या प्राण्याचा अभ्यास केला. मुख्य भूमीवर त्याला शिकाऱ्यांची सतत भीती. जॉर्जिया राज्यातल्या सापेलो बेटावर मात्र तसे शिकारी जवळपास नाहीत. बेटावरचे ओपॉसम सावकाश म्हातारे होत होते, आणि एका वेताला पिल्लंही कमी देत होते. सुरक्षित जागी निसर्गानं डागडुजीवर खर्च वाढवला होता. मग वटवाघळाचं कोडं सुटतं. त्याला पंख आहेत, कासवाला पाठ आहे, मोल रॅटला भुयार आहे. सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन नावाचा कासव १८८२ मध्ये तिथे आणला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. २०२२ मध्ये त्याचा एकशेनव्वदावा वाढदिवस साजरा झाला. उलट टोकाला पॅसिफिक महासागरातला सामन मासा. तो समुद्रातून नदीत उलटा पोहत येतो, अंडी घालतो आणि काही दिवसांत मरतो. सगळी पुंजी एकाच लग्नात उडवणारा घरमालक!

आता पुन्हा ‘वृद्धी’ आणि ‘वृद्ध’. १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी, पण सकस खायला दिलं. ते सावकाश वाढले आणि जास्त जगले. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांना दिसलं, की एका सूक्ष्म कृमीतलं एकच जनुक बदललं, तर त्याचं आयुष्य दुप्पट होतं. हे जनुक इन्शुलिनसारख्या, वाढीचा निरोप नेणाऱ्या यंत्रणेतलं निघालं. कुत्र्यांमध्येही हेच दिसतं. झपाट्यानं वाढणारा ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत थकतो, छोटी जात चौदा-पंधरा वर्षं काढते. ग्रीनलंडजवळचा शार्क इतका सावकाश वाढतो, की त्याला वयात यायला दीडशेच्या आसपास वर्षं लागतात असा अंदाज आहे, आणि २०१६ च्या अभ्यासानुसार तो किमान पावणेतीनशे वर्षं जगू शकतो. घाईनं वाढतो तो घाईनं थकतो. भाषेनं ही नावं एकाच धातूतून काढली, ती उगीच नाही.

वागणुकीतलं म्हातारपण याहून गुंतागुंतीचं आहे. मधमाशीची कामकरी तरुणपणी पोळ्यात राहून अळ्या सांभाळते आणि उतारवयात बाहेर मध गोळा करायला जाते. धोक्याचं काम म्हातारीकडे! उन्हाळ्यात ती पाच-सहा आठवडेच जगते. तिच्यासारखीच जनुकं असलेली, पण अळीपणी वेगळा खुराक मिळालेली राणी काही वर्षं जगते. संशोधकांनी पोळ्यातल्या तरुण माश्या काढून घेतल्या, तेव्हा काही म्हाताऱ्या माश्या परत अळ्या सांभाळू लागल्या, आणि त्यांतल्या काहींची मंदावलेली शिकण्याची ताकद सुधारली. कामाचा आणि वयाचा असा संबंध आहे.

युगांडातल्या किबाले अरण्यात चिंपांझींच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर म्हातारे नर भांडणं कमी करतात आणि दोन्हीकडून निभावलेल्या मोजक्या मैत्र्या जपतात असं दिसलं. केनियातल्या अंबोसेली इथे हत्तींना सिंहाच्या डरकाळ्या ऐकवल्या, तेव्हा नराची अधिक धोक्याची डरकाळी सगळ्यांत नीट ओळखली ती वयस्क माद्यांनी. आणि ऑर्का नावाच्या देवमाशांच्या कुळात माद्यांची वीण चाळिशीच्या आसपास थांबते, तरी त्या पुढे कित्येक दशकं जगतात. खाण्याचे मासे कमी असतात अशा वर्षी कळपाच्या पुढे बहुधा या आज्याच असतात. कुठे काय मिळतं हे त्यांच्या लक्षात असतं.

याची दुसरी बाजू काळजाला लागणारी आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखा विकार असतो. तो रात्री घरभर फिरतो, शिकवलेली शिस्त विसरतो, दार उघडतं त्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला उभा राहून वाट बघतो.

माझे वडील तालुक्याच्या गावी टांगा चालवत. त्यांच्या घोड्याचं नाव हिरा. घोड्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी एक तपकिरी रेघ उमटते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. अब्बांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण ही रेघ त्यांना वाचता येत होती. हिऱ्याची रेघ टोकाला पोचली तेव्हा तो चघळलेल्या गवताचे गोळे खाली टाकू लागला. एक व्यापारी येऊन किंमत सांगून गेला. अम्मीनं बजावलं, ‘‘कमावणारा एक आणि खाणारी तोंडं इतकी, जरा विचार करा.’’ अब्बांनी विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ते हिऱ्यासाठी कोंडा आणि हरभऱ्याचा भरडा पाण्यात भिजवू लागले. हिरा त्यानंतर चार वर्षं जगला. त्या काळात आमच्या घरी काटकसर झाली, हे खरं. तेव्हा मला अब्बांचा थोडा रागही आला होता.

पुढे कधीतरी द्मानिसीबद्दल वाचलं. जॉर्जिया देशातल्या या ठिकाणी सुमारे पावणेअठरा लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजांचे सांगाडे सापडले आहेत. त्यांतल्या एका कवटीच्या तोंडात एकच दात उरला होता. बाकीच्या दातांच्या खोबणी हाडानं भरून आल्या होत्या. म्हणजे दात पडल्यावरही तो प्राणी काही वर्षं जगला होता. सहावी दाढ संपल्यावर हत्ती जगत नाही. मग हा कसा जगला? काही संशोधकांचा तर्क असा, की कुणीतरी त्याला मदत केली असावी, अन्न ठेचून, मऊ करून दिलं असावं. हा तर्क आहे, पुरावा नाही. मला मात्र तो वाचताना भिजवलेल्या कोंड्याचा वास आला.

श्रोतेहो, या सगळ्या वाचनातून मला समजलं ते असं. म्हातारपण ही शिक्षा नाही आणि कुणाच्या पापाचं फळही नाही. निसर्गाच्या अंदाजपत्रकात उतारवयासाठी वेगळी रक्कम राखून ठेवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हल्ली तारुण्य परत देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती फार दिसतात. कृमीचं आणि उंदराचं आयुष्य वाढलं, हे खरं. पण म्हातारपण मागे फिरवतं असं सिद्ध झालेलं औषध माणसासाठी आजतरी नाही. तेव्हा खिशात हात घालण्याआधी विचारा, की हा प्रयोग कुणावर झाला?

जी तरतूद निसर्गानं केली नाही ती करायला आपण आहोत. घरातला म्हातारा कुत्रा दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला, तर त्याच्यावर ओरडू नका, दार उघडा. गोठ्यातल्या थकलेल्या बैलाला वैरण बारीक कापून घाला. आणि घरातलं एखादं माणूस तोच प्रश्न चौथ्यांदा विचारत असेल, तर पहिल्यांदा दिलं होतं तसंच उत्तर चौथ्यांदाही द्या. शरीराची डागडुजी थांबते तिथून पुढचं काम शेजारी बसलेल्या माणसाचं असतं.